गोडचाख्या

कथा लिहिताना शेवट सुचत नाही, असं ऐकून होते. माझं घोडं त्याच्या कितीतरी आधी अडलं. पिंपळगाव बसवंतची द्राक्षबाग, काळ आणखी पन्नास वर्षांनंतरचा. रात्री घडाघडावर फिरून मण्यांतली साखर मोजणारं एक चिमुकलं उडतं यंत्र. इथवर सगळं झकास जमलं. पण त्या यंत्राला म्हणायचं काय?

आधी लिहिलं, 'स्वयंचलित घडनिरीक्षक'. आईनं वाचून विचारलं, "हा जीआर कधी निघाला?" मग राज्यपाल, द्वारपाल यांच्या चालीवर 'घडपाल' केलं. धाकट्या भावाला त्यात घडावर बसलेली पाल दिसली. एकदा त्यानं दाखवल्यावर मलाही दुसरं काही दिसेना.

नाशिक जिल्ह्यात राहून शब्दांसाठी असं अडून बसावं, याचं नवलच वाटलं. भगूर इथलंच. तिथे १८८३ साली जन्मलेल्या सावरकरांच्या नावावर दिनांक, महापौर असे कितीतरी शब्द सांगितले जातात. ते आपण इतक्या सहज वापरतो, की कुणीतरी ते बसून घडवले असतील हे मनातही येत नाही. शिरवाडकरांनी तर स्वतःचं नावच घडवलं. बहीण कुसुम, तिचा अग्रज म्हणून कुसुमाग्रज. आणि २०२१ साली नाशिकला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली, ती आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं. कथेचं शीर्षक 'कृष्णविवर'. इंग्रजीतलं 'ब्लॅक होल' हे नाव जॉन व्हीलर यांच्यामुळे रूढ होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. आज शाळकरी पोरंही कृष्णविवर म्हणतात.

एवढी मंडळी पाठीशी असून माझं यंत्र बिननावाचंच. मग मी बागेत काय बोलतात ते ऐकायला लागले. एप्रिलची ती खरड छाटणी, ऑक्टोबरची ती गोडी छाटणी. ही नावं कुणी पाडली, विचारायची सोय नाही. पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा रोग, भुरी. आणि 'डाऊनी मिल्ड्यू'ची तर लोकांनी डावणी करून टाकली! छावणी, लावणी यांच्या पंगतीत ती अशी बसली, की स्त्रीलिंगीसुद्धा झाली. "यंदा डावणी लवकर आली," असं अण्णा घरात शिरता शिरता सांगतात.

इथे माझी ट्यूब पेटली. मराठीत नवा शब्द आला की दारातच त्याला विचारतात, तू तो, ती की ते? तेवढ्यावर सुटका नाही, पुढे विभक्तीचे प्रत्यय लावून घ्यावे लागतात. मध्यंतरी मी 'नेत्रिका' असंही एक नाव काढलं होतं. पण 'नेत्रिकेने', 'नेत्रिकांना' लिहायला लागल्यावर बागेत पौराणिक मालिका सुरू झाली. संस्कृतात वाईट काही नाही. महापौरांना तो रुबाब शोभतोच. पहाटे दवात भिजून येणाऱ्या यंत्राला तो अवजड होतो.

शेवटी लाकूडतोड्या आणि नाकतोड्या धावून आले. तसाच गोडचाख्या! लगेच चालवून पाहिला. गोडचाख्या उडाला, गोडचाख्यानं साखर सांगितली, उजाडताना सगळे गोडचाखे परत आले. कुठेही ठेच नाही. मी एकटीच खोलीत हसत होते.

मग चटकच लागली. एका पानावर इतके नवे शब्द झाले, की माझं मलाच कळेना. निम्मे खोडले. एक मात्र जिवापाड जपला, आणि तो क्रियापद आहे. हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, तर अवकाळीवरून अवकाळणे का नको? माल काढणीला आलेला असताना ढग दिसले, की माणूस घरात-अंगणात येरझाऱ्या घालतो, मोबाइलवर हवामान पाहतो, पुन्हा वर पाहतो. त्या सगळ्याला मिळून एक शब्द हवाच होता. 'बाप सकाळपासून अवकाळला होता,' हे कथेतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य.

अण्णांनी कथा अजून वाचलेली नाही. पण परवा आभाळ भरून आलं, तेव्हा आई फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, हे दुपारपासून अवकाळलेत, जेवायलाही येईनात."

सध्या मी नव्या पेचात आहे. कथेत आता दुसरं यंत्र येतंय, आणि का कोण जाणे, ती बाई आहे. गोडचाखी म्हणावं, की गोडचाखीण?