मामीचा हिरवा दिवा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण पाय. माझा नव्हे, रास्पबेरी पाय. (मागे "पाय बंद पडला" असं लिहिलं होतं, तर बडोद्याच्या आत्याचा काळजीने फोन आला. आत्या, मी ठणठणीत आहे!)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हा पत्त्याच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. २०१२ साली पहिला निघाला तेव्हा त्यात २५६ एमबी मेमरी होती. माझा 'पाय ३' म्हणजे २०१६चं मॉडेल, त्यात १ जीबी. हल्ली साध्या फोनलाही याहून जास्त असते.

मामाचं घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. तिथवर फायबर आलं, वाड्यांवर आलं नाही. मग आम्ही मामाच्या गच्चीवर डिश लावली, तिथून टेकडीवरच्या खांबावर आणि खांबावरून चार ठिकाणी नेट नेलं. दोन वाड्या, शाळेची अभ्यासिका आणि टेकडीपलीकडे मुरबाड तालुक्यात मामेबहिणीचं सासर, जिथे ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. कल्पना माझी नाही हो. पालघरमधे आय.आय.टी. मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने खामलोलीच्या आसपासची गावं टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून जोडून दाखवली होती. त्यामानाने आमची भातुकली.

आता खांब म्हटला की तो बंद पडणार. कुठला पडला ते डोंबिवलीत बसून कळावं म्हणून मी पायवर नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर चढवलं. साधंसुधं नाही, मोठ्या ऑफिसांत असतं तसलं. डेटाबेस, वेबसर्व्हर, रंगीत आलेख, काही बिघडलं की मेल. पाच डब्यांसाठी! पण सकाळच्या लोकलमधे उभ्या उभ्या फोनवर ते आलेख बघताना काय वाटायचं म्हणून सांगू. मामाला आणि मामीला ऐटीत सांगून टाकलं, "तुम्ही आता काळजी करू नका, मला तिकडे सगळं दिसतं."

जुलैत, ऐन आवणीच्या दिवसांत, विजेच्या चढउतारात टेकडीवरच्या खांबाचा अडॅप्टर जळला. पलीकडची चारही ठिकाणं अंधारात. आणि मला मेल नाही. मेल नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून मी चार दिवस मजेत.

झालं होतं ते असं. हे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक डब्याला "आहेस का?" विचारतं. डबा जिवंत असेल तर उत्तर लगेच येतं. मेलेला असेल तर ते वाट बघतं, पुन्हा विचारतं, पुन्हा वाट बघतं. तेवढ्यात पाच मिनिटं होतात आणि पुढची फेरी पहिलीच्या डोक्यावर सुरू होते. मग तिसरी. मेमरी भरली की लिनक्स मेमरी कार्डावर पसारा टाकू लागतो, आणि ते कार्ड बैलगाडीच्या गतीचं. शेवटी जो कार्यक्रम सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलाय त्याला लिनक्स मारून टाकतो. माझ्या बाबतीत तो डेटाबेस होता. थोडक्यात, खांब पडल्यामुळेच पहारेकरी मेला, मेल पाठवायच्या आधी. सगळं सुरळीत असतं तेव्हा १ जीबी पुरतं. नेमकं गरजेला पुरत नाही.

चौथ्या दिवशी मामेबहिणीचा फोन आला. बारावी झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी दोनदा वाडीवरून चालत येऊन परत गेली होती. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन एसटीने मुरबाडला गेली. आईची आवणीची मजुरी बुडाली. फॉर्म भरला गेला, पण मुदत संपायला एकच दिवस होता.

शनिवारी पहिल्या गाडीने आसनगाव गाठलं. अडॅप्टर बदलायला दहा मिनिटं लागली. घरी येऊन पाय बघतो तर लाल दिवा चालू, हिरवा विझलेला.

"हा हिरवा लुकलुकायचा ना?" मी विचारलं.

"मंगळवारपासून नाय लुकलुकत," मामी म्हणाली.

"मग फोन नाही का करायचा, मामी?"

"अरे, तूच बोललास ना, तुला तिकडे सगळं दिसतं म्हणून."

यावर काय बोलणार? आधी नेट गेलं की अर्ध्या तासात कुणीतरी मला फोन करायचं. मामा, मामेबहीण, कधी अभ्यासिकेतली पोरं. माझ्या पहारेकऱ्याने पहिलं काम केलं ते या सगळ्यांना घरी पाठवण्याचं.

ते सगळं काढून टाकलं. टोबियास ओटिकर नावाच्या माणसाने १९९४ साली एमआरटीजी नावाचं छोटं हत्यार बनवायला घेतलं होतं. तेव्हा तो काम करायचा तिथे बाहेरच्या जगाशी फक्त ६४ केबीपीएसची एकच लाइन होती. (आमची परिस्थिती तरी बरी म्हणायची.) पाच मिनिटांचे आकडे दोन दिवस ठेवायचे, त्यापुढे अर्ध्या तासाची सरासरी, मग दोन तासांची, मग दिवसाची. फाइल कधी फुगतच नाही. त्याच धर्तीचं पायवर बसवलं, आणि एक फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होणार नाही अशी कडी घातली. रंगीत आलेख गेले, थोडं वाईट वाटलं. मेलचंही उलटं केलं. आता पायच दर अर्ध्या तासाने डोंबिवलीला "मी आहे" कळवतो. ते आलं नाही की माझ्या घरचा कॉम्प्युटर बोंब मारतो.

आणि मामीला सांगितलं, हिरवा थांबला की रात्रीबेरात्री फोन कर.

पुढच्या आठवड्यात तिचे दोन फोन. दोन्ही वेळा सगळं चालू! मग लक्षात आलं, तो हिरवा दिवा कार्डावर काही लिहिलं-वाचलं गेलं की लुकलुकतो. आता पायला काम इतकं कमी की दिवा तासन्‌तास गप्प. आधीचं ते लुकलुकणं म्हणजे बिचाऱ्याची धापच होती.

पण मामीला हे कुठे समजावत बसू? लिनक्समधे त्या दिव्याला हृदयाच्या ठोक्यासारखं धडधडायला लावायची सोय आहे. लावली. कालच मामीला फोन केला होता. म्हणाली, चालतंय, आणि येताना मिक्सरचं भांडं आण.