मुद्दल

मे महिना उजाडला की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एकच विषय असतो, कोण कुठे जाणार? यंदा समोरच्या घरातली मंडळी मुलांना घेऊन जपानला निघाली. क्योटोची देवळं, नारामधली हरणं, बुलेट ट्रेन, सगळं कसं तारीखवार ठरलेलं. आमच्या लेकीने (वय वर्षे नऊ) ते सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन विचारलं, "आणि आपण?"

"आपण नाशिकला."

यावर तिने जो चेहरा केला त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल.

नाशिक का, याचं कारण तिला तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं. माझे मोठे दीर जाऊन दोन वर्षं झाली. अस्थी नाशिकला रामकुंडात नेल्या होत्या. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता, त्यानेच त्या पाण्यात सोडल्या. सासूबाई तेव्हा आल्याच नाहीत, घरी बसून राहिल्या. तेव्हापासून आमच्याकडे 'नाशिक' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही असं जणू ठरून गेलं होतं. टीव्हीवर कांद्याच्या भावाची बातमी लागली तरी पुतण्या उठून आत जायचा. खरं तर हेच नाशिक आमच्या घरात पूर्वी सुट्टीचं गाव होतं. सासूबाईंची आत्या पंचवटीत राहायची. चिवडा, मळ्यातली द्राक्षं, संध्याकाळी गोदाघाट, या सगळ्या गोष्टी मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले होते. एक अख्खं गाव एका सकाळीमुळे हातचं जावं, हे मला पटत नव्हतं.

मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, "मुलांना नाशिक दाखवायचं राहिलंय." एवढंच. मी लगेच तिकिटं काढली. जाऊबाईंना बँकेतून सुट्टी मिळेना. पण लेकाला पाठवायला त्या एका पायावर तयार झाल्या.

कल्याणहून संध्याकाळची पंचवटी एक्सप्रेस. कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडतात, ती ढकलतात तेव्हा कुठे घाट चढतो. हे कळल्यावर लेकीचा अर्धा रुसवा गेला. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीने घालवला. द्राक्षं मात्र नव्हती, त्यांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्येच उरकतो. त्याऐवजी पानाच्या द्रोणातली करवंदं मिळाली.

पहिला मान पांडवलेण्यांचा. उन्हं चढायच्या आत वर पोचायचं म्हणून लवकर निघालो. सासूबाईंचं वय बहात्तर, त्यामुळे दर वीस-पंचवीस पायऱ्यांना एक थांबा. नाव पांडवलेणी असलं तरी पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत, एकूण चोवीस, आणि त्यातली सर्वात जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. त्यातल्या दोन-तीन लेखांचा अर्थ मी आधीच वहीत उतरवून नेला होता. मुलांना नुसते दगड दाखवले तर ती पाच मिनिटांत पाणी मागतात, हा अनुभव आहे.

दहाव्या लेण्यात सासूबाई पायरीवर टेकल्या आणि मी वही उघडली. हे लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतलेलं. नुसतं कोरवून तो थांबला नाही. इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण ठेवीत टाकले. कुठे? तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे. (गोवर्धन नावाचं गाव नाशिकजवळ आजही आहे.) एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला बारा बारा कार्षापण कपड्यांसाठी.

"हिशेब जुळतो का बघ रे," मी पुतण्याला म्हटलं. तो आता तेराचा आहे, गणितात हुशार. आल्यापासून गरजेपुरतंच बोलत होता.

"शेकडा एक म्हणजे दोन हजारांवर महिन्याला वीस... वर्षाचे दोनशे चाळीस..." तो पुटपुटला. "भागिले वीस... बारा! काकू, बरोब्बर येतंय!"

एकोणीसशे वर्षांपूर्वीचं उत्तर बरोबर आलं याचा त्याला इतका आनंद झाला की त्याने लेकीलाही ते गणित दोनदा समजावून सांगितलं. मग मी पुढची अट वाचली. ही रक्कम परत द्यायची नाही, मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं.

"माझ्या बाबांच्या एफडीसारखं," तो सहज म्हणाला. "आई म्हणते, बाबांचं मुद्दल मोडायचं नाही."

दोन वर्षांत 'बाबा' हा शब्द त्याने आमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला होता. सगळे गप्प. नवरा उगाच कॅमेऱ्याचा पट्टा नीट करू लागला. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "शहाणी आहे तुझी आई."

तिसरं लेणं जास्त देखणं आहे. दर्शनी भागात खाली दगडी यक्ष आहेत आणि अख्ख्या ओसरीचा भार त्यांनी तुळयांसकट खांद्यावर घेतला आहे. लेकीने लगेच त्यांच्यासारखं उभं राहून फोटो काढून घेतला. आत ओसरीच्या भिंतीवर एक लांबलचक लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, हे शाळेत शिकलेलं असतं. पण हा लेख कोरला गेला तो त्याच्या मुलाच्या, पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी.

सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. "म्हणजे मुलगा गेल्यावर हिने हे लिहवून घेतलं?"

"हो."

"काय काय लिहिलंय?"

मी वाचत गेले. त्याने कोणकोणते प्रदेश जिंकले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. त्याचा चेहरा उमललेल्या कमळासारखा होता, चाल हत्तीसारखी होती. प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी असायचा. आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही.

इथे सासूबाई चक्क हसल्या. "बघ! एवढा मोठा राजा, तीन समुद्रांचं पाणी प्यायलेला. पण आईचं ऐकायचा, हे लिहवून घ्यायला ही विसरली नाही!"

मग बराच वेळ त्या त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, आम्हालाही नाही. खाली उतरताना मात्र त्या पुतण्याला दिरांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या. आत्याच्या वाड्यातल्या विहिरीत त्याने भोपळा बांधून पोहायला शिकल्याची, चिवड्याचा पुडा गादीखाली लपवल्याची. चाल कशी होती, हसायचा कसा. पुतण्या एकेक प्रश्न विचारत होता आणि पायऱ्यांवरचे थांबे आता तोच घेत होता, गोष्ट संपू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी आधी काळाराम मंदिर झालं. १९३० साली याच देवळाच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालला, हे सांगितल्यावर लेकीने "पण आत का सोडत नव्हते?" हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की शेवटी उत्तर देताना आमचीच मान खाली गेली. त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं.

संध्याकाळी रामकुंड. जायचं की नाही, हे आम्ही मुद्दाम ठरवलं नव्हतं. पुतण्याच पुढे झाला. गर्दीतून वाट काढत त्याने आजीचा हात धरून तिला पायऱ्यांपर्यंत नेलं. "इथे," तो म्हणाला. "मी इथे उभा होतो."

सासूबाईंनी वाकून पाण्यात हात बुडवला, ओला हात डोळ्यांना लावला, मग त्याच्या डोक्यावरून फिरवला. रडल्या नाहीत. मीच रडले, पण गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हे पाणी जातं कुठे?" लेकीचा प्रश्न. नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. इथून नांदूर मध्यमेश्वर, मग जायकवाडी, मग पैठण, नांदेड, पुढे तेलंगण, आंध्र, आणि राजमहेंद्रीच्या पुढे बंगालचा उपसागर. त्र्यंबकहून निघून जवळजवळ दीड हजार किलोमीटर.

"पैठण म्हणजे त्या सातवाहनांची राजधानी ना?" पुतण्याने विचारलं. "म्हणजे बाबा त्यांच्या गावावरून गेले."

सासूबाईंनी पदराने हात पुसले. "मग पुढच्या सुट्टीत पैठणला जाऊ," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईलाही घेऊ. तिला आत्ताच रजा टाकायला सांग."