कॉटभर जागा

कोल्हापुरात पावसाळा आणि विद्यार्थी बरोबरीनंच येतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढायला लागतं, त्याच दिवसांत आजरा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडच्या एसट्यांतून वळकट्या, बादल्या आणि लाडू-चिवड्याचे डबे उतरतात. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सागरमाळावर उभं राहिलं आणि त्याच्या आसपासची वस्ती हळूहळू पोरांच्या चपलांनी भरून गेली. राजारामपुरीच्या आकड्यांच्या गल्ल्या, टाकाळा, राजेंद्रनगर. फाटकाफाटकावर पाटी असते : खोली भाड्याने देणे आहे, फक्त विद्यार्थ्यांसाठी.

मी आजऱ्याचा. वर्षभर वसतिगृहात काढल्यावर दोघा मित्रांबरोबर राजारामपुरीत खोली घेतली. वसतिगृहात घंटा होती, हजेरी होती, ताट वाढणारं कुणीतरी होतं. खोलीत किल्ली मिळाली. ती खिशात पडली तेव्हा तिचं वजन मांडीला जाणवत होतं.

मालकीणबाई जिन्याच्या कठड्याला हात टेकून नियम सांगत होत्या. "पाणी सकाळी येतंय, भरून ठिवायचं. रात्री दहाच्या आत यायचं. मीटर तुमचं वेगळं हाय. आणि दार आपटायचं न्हाई, आमच्या मामंजींना झोप लागत न्हाई." आम्ही माना डोलावत होतो आणि डोळे खोलीभर फिरत होते. तीन लोखंडी कॉट, पत्र्याचं एक कपाट, खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा. भिंतीला आधीच्या पोरांनी ठोकलेले खिळे होते आणि दाराच्या मागं पेन्सिलीनं दुधाचा हिशेब. तारखांपुढं अर्धा लिटर, अर्धा लिटर, मग मध्येच 'गावी'. कोण होता, काय शिकत होता, काही ठाऊक नाही. तो हिशेब आम्ही कुणीच पुसला नाही. त्याच्या खाली आमचा सुरू केला.

पहिल्या रविवारी मेस बंद होती. आईनं पिशवीत घनसाळ दिला होता. स्टोव्हवर तांदूळ रटरटू लागला तसा त्याचा वास जिन्यावरून खाली उतरत गेला. थोड्या वेळानं मालकीणबाई वाटी घेऊन वर आल्या. वाटीत तांबडा रस्सा होता. "आजऱ्याचा तांदूळ व्हय रं? मूठभर दे की, मामंजी मागाय लागल्यात." त्या दिवसापासून त्यांना आम्ही काकू म्हणू लागलो.

सगळ्याच दारांवर असं होत नाही. खोली शोधत हिंडताना एका दारात गावाचं नाव विचारून झाल्यावर मालकांनी आडनाव विचारलं. माझ्या मित्रानं सांगितलं. जराशी शांतता पडली आणि खोली कालच गेल्याचं आम्हाला कळलं. पाटी मात्र पुढं आठवडाभर फाटकावर तशीच होती. मित्र काही बोलला नाही. उतारावरून चालत आम्ही पुढच्या गल्लीत वळलो.

हे कोल्हापुरात घडावं, याचं जास्त लागतं. शहरात राहायची सोय नाही म्हणून खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडतं, हे राजर्षी शाहू महाराजांनी या देशात फार लवकर ओळखलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवायचा सुरुवातीचा प्रयत्न त्या काळच्या सोवळ्या-ओवळ्यापुढं टिकला नाही. मग त्यांनी वेगळी वाट काढली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात उभं राहिलं की यातल्या काही इमारती आजही नजरेच्या टप्प्यात येतात. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून याच शहरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले, आणि पुढं साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवू लागली. जातीजातींच्या छपरांकडून एका छपराकडं जायचा रस्ता असा कोल्हापूरवरूनच गेला आहे.

आज वसतिगृहांत सगळ्यांना जागा पुरत नाही. उरलेला भार शहरातली घरं उचलतात : माडीवरची खोली, परड्यातलं पत्र्याचं शेड, नाहीतर कॉट बेसिसवर तिसऱ्या पोराशेजारची जागा. त्यांचं भाडं काकूंसारख्यांच्या घराला हातभार लावतं, आणि त्यांच्या छपराखाली कुणाच्या तरी घराण्यातला पहिला पदवीधर अभ्यास करत असतो. राज्याच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ती जबाबदारी घरमालकाची, असं सांगितलं आहे. पोरांच्या बाबतीत मात्र बहुतेकदा सगळं तोंडीच चालतं. डिपॉझिट हातात द्यायचं आणि खोली सोडताना रंगाच्या, नळाच्या नावाखाली त्यातलं किती कापलं जातंय ते बघत राहायचं. वडिलांनी म्हशीच्या दुधाच्या बिलातून साठवलेले ते पैसे असतात.

म्हणून कोल्हापुरातल्या, आणि जिथं जिथं विद्यापीठ आहे तिथल्या, घरमालकांना हात जोडून सांगणं आहे. जूनमध्ये वळकटी घेऊन एखादं पोर दारात उभं राहील. त्याच्याशी करार लेखी करा, डिपॉझिटची पावती द्या, नियम हवे तेवढे सांगा. आडनाव तेवढं विचारू नका; काय शिकतोस ते विचारा.