बर्लिनमधील दोन वास्तू

बर्लिनच्या मोआबिट भागात हुटेनस्ट्रासं आणि बर्लिखिंगेनस्ट्रासं हे रस्ते मिळतात तेथे, आएजी या विद्युत्-कंपनीसाठी १९०९ साली उभारलेले टर्बाइनगृह आजही कारखाना म्हणूनच चालू असल्यामुळे, परवाना नसलेल्या प्रवाशाला ते रस्त्यावरूनच पाहावे लागते. आणि माझ्या मते ते पाहावे तेथूनच. ग्रीक देवालयाच्या शिरोभागाची आठवण करून देणारा बहुकोनी माथा आणि दोन्ही कोपऱ्यांना आत झुकलेले, भरभक्कम भासणारे काँक्रीट, हा सारा थाट पेटर बेरेन्सचा. मूळचा हा चित्रकार; पण १९०७ साली कंपनीने त्याला कलासल्लागार नेमले आणि किटल्या-पंख्यांपासून कारखान्यांपर्यंत साऱ्यांच्या रूपाचा जणू मुखत्यारच केले. ग्रोपियुस, मीस आणि ल कॉर्ब्युझिए हे तिघेही उमेदवारीच्या काळात त्याच्याच कचेरीत होते. परंतु ते कोपरे छपराचा गुंजभरही भार वाहत नाहीत; तो वाहतात बाजूच्या रस्त्यालगतच्या पोलादी चौकटी, आणि त्यांचे गणित कार्ल बेर्नहार्ड या अभियंत्याचे. चौकटीचा पायथा अवश्य न्याहाळावा: पोलादाला भाराने व उष्णतेने किंचित कलता यावे म्हणून तेथे ओट्यावर बसवलेली जाडजूड बिजागरी, कसलेही आवरण न घालता, पादचाऱ्याला सहज दिसेल अशी मोकळी ठेवली आहे. देवालयाचा आव आणणाऱ्या दर्शनी भागापेक्षा मला ही बिजागरीच अधिक प्रामाणिक वाटली.

तेथून एस-बानने शहराच्या आग्नेयेस आडलर्सहोफला गेलो. शेजारच्या योहानिस्टालचे विमानतळ १९०९ सालचेच. पुढे त्याच्या आश्रयाने विमानविद्येची प्रयोगशाळा वाढली, आणि १९३४ ते १९३६ या काळात तिच्या आवारात, टोकावर उभ्या केलेल्या प्रचंड अंड्यासारखा, सुमारे २० मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा उठला. गिरक्या घेत कोसळणारे विमान सावरावे कसे, हा तेथील प्रश्न. त्यासाठी खालून वर सोडलेल्या वाऱ्याच्या झोतात विमानाची छोटी प्रतिकृती तरंगत ठेवून तिच्या हालचाली टिपीत. वाऱ्याने फिरावे कसे यावरूनच भिंतींची वळणे ठरली. शोभेला येथे वावच नव्हता. आता भोवती हुम्बोल्ट विद्यापीठाचे विज्ञानविभाग आहेत आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी विद्यार्थी डबे उघडून बसतात. मात्र जी राजवट त्याच सुमारास युद्धासाठी हवाई दल उभारीत होती, तिच्याच अमलात आणि तिच्याच विमानांच्या कामी ही वास्तू उभी राहिली. त्यामुळे, बेरेन्सच्या कोपऱ्यांना लटके ठरवून आलेला मी तिच्या आकाराला प्रामाणिक म्हणेन, पण तिला निष्पाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.