हलकेपणाचे वजन

मराठीने ‘हलका’ या शब्दावर मोठा अन्याय केला आहे. हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलका माल! उलट ‘वजनदार’ माणूस आला की आपण खुर्ची रिकामी करतो. वीस वर्षे हे वाक्प्रचार मी वर्गात शिकवीत आलो आहे; पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या घरावर उपकार केले ते हलकेपणानेच.

गावी एकटे पडलेल्या वडिलांना कायमचे आणायचे होते. मुलांना वर खोली बांधली, तरच खालची त्यांना मिळणार. आमच्या जुन्या पायाला विटांचे ओझे झेपणार नाही, असे इंजिनियर म्हणाले आणि त्यांनी एएसी ब्लॉक सुचविले. वडिलांनी एक ब्लॉक उचलून पाहिला. म्हणाले, “अरे, ही भिंत की बत्तासा?”

बत्तासाच तो! सिमेंट, चुना आणि राख यांच्या लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड पडली की वायू सुटतो आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग त्याला वाफेच्या दाबाखाली शिजवितात. नेहमीचे काँक्रीट घनमीटरला 2400 किलो भरते. हे सहाशेच्या आसपास! तशी युक्ती जुनीच. रोमच्या पँथिऑनचा, इ. स. 126 च्या सुमाराचा, 43 मीटर व्यासाचा घुमट पाहा. त्याच्या तळाशी जड खडी आहे, तर माथ्याकडे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड.

मात्र पोकळीची किंमत ताकदीने मोजावी लागते. म्हणून संशोधक आता फेसाळ काँक्रीटमध्ये नॅनोसिलिका मिसळून पाहतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. हे सूक्ष्म कण बुडबुडे बुजवीत नाहीत. बुडबुड्यांमधल्या पातळ भिंतींत शिरतात आणि तिथल्या मोकळ्या, दुबळ्या चुन्याशी संयोग पावून त्याला चिवट करतात. प्रमाण चुकले तर मात्र गुठळ्या होतात! गंमत अशी की असे सिलिका भाताच्या तुसाच्या राखेतूनही काढता येते. ज्याला आपण ‘फोलपट’ म्हणून उडवून लावतो, तेच भिंतीला बळ देते.

तीन पिढ्यांनी एका छपराखाली राहायचे तर याहून वेगळे काय करायचे असते? माणसामाणसांतल्या मोकळ्या जागा बुजवायच्या नाहीत. प्रेमाचाही अतिरेक झाला की गुठळ्याच होतात. जागा राहू द्याव्यात, त्यांच्यामधला धागा तेवढा चिवट करावा. मग जुना पायासुद्धा नवा मजला आनंदाने पेलतो.