चावटपणाचें रूपांतर

एखादी कृति एका कलाप्रकारांतून दुसऱ्या कलाप्रकारांत नेतांना तिची जी हानि होते, तिच्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ही चर्चा बहुधा गंभीर वाङ्मयापुरतीच असते. चावट विनोदाचें रूपांतर बिघडलें तर त्याचें दुःख कोणास? मुळांतच जें हलकें तें आणखी हलकें झालें, एवढेंच म्हणून आपण पुढें जातों. मला मात्र असें वाटतें कीं, घाईच्या रूपांतरानें ‘शाकुंतला’चें जेवढें नुकसान होईल, त्याहून अधिक या विनोदाचें होतें; आणि त्या नुकसानीचा लाभ बंदी घालणाराच्या पदरीं पडतो.

या विचारास निमित्त झालें तें एका जपानी चित्रकथेचें. ‘शिमोनेता’ म्हणजे चावट विनोद. या नांवानें ओळखली जाणारी हिरोताका आकागी यांची कादंबरीमाला २०१२ सालीं सुरू झाली. २०१५ सालीं ती दूरचित्रवाणीवरहि आली. सरकारनें अश्लील शब्द व चित्रें यांचें समूळ उच्चाटन केलेलें आहे आणि नागरिकांच्या अंगावर त्यांची वाणी तपासणारीं यंत्रें बसविलेलीं आहेत, अशा भावी जपानची ती कथा आहे. तींतील विद्यार्थिमंडळाची अध्यक्षा आन्ना ही अत्यंत सोज्ज्वळ मुलगी. वासनेला तिच्याजवळ शब्दच नाहीं. म्हणून वासना जागी होतांच ती तिलाच प्रेम आणि न्याय समजून बसते, आणि साऱ्या कथेंत तिच्याइतकें भयंकर पात्र दुसरें उरत नाहीं. शब्द काढून घेतल्यानें इच्छा जात नाहीं, केवळ विवेक जातो, हें या धुडगुसाच्या पोटांतलें सत्य आहे. या मालेवरून जी चित्रकथा, जपानी भाषेंत ‘मांगा’, निघाली ती माझ्या एका विद्यार्थ्यानें मला आणून दिली. ती मला फार घाईची वाटली. आन्नाचे चाळे तींत ठसठशीत दिसतात. ते कां घडतात हें सांगावयास मात्र तिला उसंत नाहीं. पुस्तक देतांना तो मुलगा म्हणाला होता, “सर, असल्यावर बंदीच हवी.” बंदीची थट्टा करणाऱ्या कथेनें आपल्या वाचकाला बंदीच्याच पक्षांत नेऊन बसविलें होतें!

आपल्याकडे याच वाटेवरचा प्रवास दादा कोंडके यांचा. वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य १९६५ सालीं रंगभूमीवर आलें. कोतवाल, हवालदार, आणि राजाच्या छपरी पलंगाचा हट्ट धरणारी मैनावती, एवढाच त्याचा संसार. नाटकाची संहिता प्रयोगापूर्वीं सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे धाडावी लागते. पण दादांची खरी करामत संहितेबाहेरच्या हजरजबाबांत होती. ताज्या घडामोडींवरची कोटी त्या रात्रीं जन्मे आणि त्याच रात्रीं विरून जाई. परिनिरीक्षकाच्या हातीं कागद असे. विनोद कागदावर नसे.

चित्रपटांत ही सोय नाहीं. फितीवर जें उमटलें तें कायमचें, आणि तें कात्रीखालून जावयाचें. सबनीसांनींच पुढें ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला, तेव्हां विनोदाची जागा हलली व ती नायकाच्या भोळेपणांत जाऊन बसली. तो बोलतो त्याचा सरळ अर्थ निरुपद्रवी; दुसरा अर्थ प्रेक्षकानें आपल्या घरून आणावयाचा. वाक्य कापावयाचें तर तो दुसरा अर्थ आपल्याला कळला, अशी कबुली परिनिरीक्षकानें आधीं द्यावयास हवी! सहा वर्षांचें अंतर, लेखक तोच आणि नट तोच. म्हणून हें रूपांतर साधलें.

पुढें हिंदींत मात्र चार वर्षांत तीन चित्रपट आले: ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४), ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) व ‘आगे की सोच’ (१९८८). दुसऱ्या नांवाशीं आमच्या अंधेरीचा कांहीं संबंध नाहीं, हें परगांवच्या वाचकांस सांगून ठेवतों. मराठी द्वयर्थ हा विहीर, बैल, खुंटा असल्या नित्याच्या वस्तूंवर आणि गांवच्या बोलीच्या हेलावर उभा असतो. ती बोली मागें राहिली, आणि सारा भार शीर्षकावर येऊन पडला. आज पुष्कळांस दादा आठवतात ते या शीर्षकांमुळें. सत्तेपुढें भोळें सोंग घेऊन उभा राहणारा सोंगाड्या त्यांनीं पाहिलेलाच नसतो.

न्यायालयांनीं या बाबतींत रसिकांपेक्षां अधिक धीर दाखविला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली; तिजवर अश्लीलतेचा खटला झाला; मुंबई उच्च न्यायालयानें लेखकास दोषी ठरविलें; परंतु १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. कृति समग्र वाचावी, आक्षेपार्ह म्हटलेला भाग स्वतंत्रपणेंहि तपासावा, आणि मग निर्णय करावा, असें त्या निकालाचें धोरण. आतां घाईचा रूपांतरकार काय करतो? समग्र सोडून तेवढा भाग उचलतो! फिर्यादी पक्षाला जें उतारे काढण्याचें काम करावें लागतें, तें तो आयतेंच करून देतो.

तरुण वाचकांच्या हातीं आज मूळ कृतीपूर्वीं तिचें रूपांतर पडतें, आणि पुष्कळदां तेवढेंच पडतें. म्हणून चावट विनोदाचें रूपांतर करणारानें त्यांतला चावटपणा जपण्याची चिंता करूं नये. तो कसाहि टिकतो. त्यानें जपावयाचें तें त्या विनोदामागचें भय. तो शब्द उच्चारतांना बोलणाराची जीभ कशामुळें अडखळली, हें वाचकास कळलें पाहिजे. आणि तेवढें कळविण्यास वेळ नसेल, तर मूळ कृतीस हात न लावणेंच बरें.