कुंडलिकेच्या काठाने

खांबहून कोलाडकडे निघालात, तर महामार्ग सोडून सायकल कुंडलिकेच्या काठाला लावा आणि वेग मुद्दाम कमी ठेवा. पुराच्या गाळावर पोसलेली भाताची खाचरे, बांधावरचा निश्चल बगळा हे घाईत दिसत नाही.

संथपणे जाताना मला एक प्रश्न नेहमी पडतो. कोकणातील कितीतरी नद्या उन्हाळ्यात आटतात. मग कुंडलिका वैशाखातही वाहती कशी? उत्तर घाटमाथ्यावर आहे. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि पुढे कुंडलिकेला मिळते. बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी अशा रीतीने अरबी समुद्राकडे वळले. त्यासाठी मावळातील गावे बुडाली. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट हे प्रमुख नेते होते.

नद्यांना मूळ रूप परत द्यावे, असे आज आपण म्हणतो. परंतु येथे मूळ रूप म्हणजे उन्हाळ्यातील कोरडे पात्र. या काठाची हिरवळ दुसऱ्या खोऱ्याच्या त्यागावर उभी आहे. तिचा आनंद अवश्य घ्या. मात्र ते ऋण स्मरणात ठेवून घ्या.